तसबीर कुणाची, किंमत कुणाची?

छायाचित्रांच्या लिलावाच्या बातम्या आता आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येऊ लागल्या आहेत. मथळा ठरलेला असतो : अमुक फोटोला इतके कोटी. खाली फोटो लहान आणि आकडा मोठा. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीज या लिलावघरात मॅन रे या कलावंताच्या १९२४ सालच्या एका छायाचित्राला एक कोटी चोवीस लाख डॉलर मिळाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम पंचाण्णव कोटी रुपयांच्या घरात जाते. लिलावात विकल्या गेलेल्या छायाचित्रांतला तो तोवरचा उच्चांक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी १९०४ मध्ये काढलेल्या, न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या छायाचित्राला एक कोटी अठरा लाख डॉलर मिळाले.

मॅन रे यांच्या त्या छायाचित्रात एका बाईची उघडी पाठ आहे आणि त्या पाठीवर व्हायोलिनला असतात तशा दोन खाचा रंगवलेल्या आहेत. पाठ कुणाची? किकी या नावाने पॅरिसमध्ये ओळखल्या जाणाऱ्या ॲलिस प्रँ या बाईची. ती १९५३ मध्ये हलाखीत वारली. चित्राचे नाव आहे 'अँग्रचे व्हायोलिन'. त्या नावात जुन्या काळचा एक चित्रकार आहे, एक वाद्य आहे. किकी नाही.

आमचा वाद इथूनच सुरू होतो. कुणी आपल्या पैशाने काय विकत घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पंचाण्णव कोटींत किती शाळा झाल्या असत्या, हे गणितही आम्ही मांडणार नाही. ते सोपे आहे आणि कशालाही लावता येते. आमचा प्रश्न वेगळा आहे. छायाचित्राची किंमत वाढते तेव्हा छायाचित्रकाराचे नाव वाढते, लिलावघराचे कमिशन वाढते, विकणाऱ्याचा नफा वाढतो, चौकट करणाऱ्याचेही बिल वाढते. ज्याच्या चेहऱ्यावर, ज्याच्या पाठीवर, ज्याच्या जमिनीवर हे सगळे उभे आहे, त्याचे काय वाढते?

हा प्रश्न आम्ही विचारला की एक उत्तर लगेच येईल, हे आम्हांला ठाऊक आहे. "तुम्हा लोकांना तसबिरीचे वावडेच आहे." म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

होय, आमच्यातल्या अनेक घरांत ते वावडे होते. भिंतीवर माणसाचा फोटो लावायचा नाही, त्या खोलीत नमाज कशी पढायची, असे म्हणणारी बुजुर्ग मंडळी आम्ही पाहिली आहेत. भिंतीवर तसबीर असायची ती मक्का-मदिनेची किंवा आयतुल कुर्सीची. मग हजला जायचे तर पासपोर्ट आला आणि पासपोर्टबरोबर फोटो आला. ज्या दादीने उभ्या आयुष्यात कॅमेऱ्यासमोर तोंड केले नव्हते, ती पदर सारखा करून स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. आज तिच्या नातवंडांकडे तिची तेवढीच एक खूण आहे आणि ती जपून ठेवल्याबद्दल कुणी त्यांना बोल लावत नाही. आम्ही ते दोन्ही काळ पाहिले आहेत. छायाचित्र हराम की हलाल हा वाद आम्ही इथे घालत नाही. पण त्या जुन्या संकोचात एक गोष्ट खरी होती. माणसाची प्रतिमा ही साधी वस्तू नाही, ती घेताना काही तरी घेतले जाते, ही जाणीव त्यात होती. बाजाराने नेमकी तीच जाणीव पुसून टाकली.

'तसबीर' हा शब्दही बघा. अरबीतून फारसीत आणि तिथून मराठीत आला. मराठीत तो रुळला तो चौकट आणि काच यांसकट. नुसत्या कागदाला आपण तसबीर म्हणत नाही. पट्टी पंचेचाळीस अंशांत कापून, कोपरे जुळवून, काच, कागद आणि पुठ्ठा एकावर एक बसवून, मागून बारीक खिळे ठोकले की ती तसबीर होते. फ्रेमवाला पैसे घेतो ते पट्टीच्या फुटांचे, काचेचे आणि मजुरीचे. आत आजोबांचा फोटो आहे की कॅलेंडरमधले काश्मीर, याने त्याचे बिल बदलत नाही.

कलेच्या बाजारातली चौकट वेगळे काम करते. तिथे हाताने कोरलेली लाकडी पट्टी, तिच्यावर सोन्याचा वर्ख, आत आम्लविरहित पुठ्ठा, प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून खास काच, किंवा छायाचित्रच ॲक्रिलिकच्या जाड तावाला चिकटवलेले. यातले काही चित्र टिकावे म्हणून असते, ते योग्यच आहे. उरलेले सगळे बघणाऱ्याला दबवण्यासाठी असते. हे कागदावरचे साधे छापील चित्र नव्हे, हे दुर्मीळ आहे, हे सांगायला ती चौकट लागते. कारण छायाचित्र मुळात दुर्मीळ नसतेच. एका निगेटिव्हवरून शंभर प्रती निघतात, संगणकातल्या फाइलवरून तर हव्या तितक्या. म्हणून दुर्मीळपणा बाहेरून आणावा लागतो.

आंद्रेयास गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचे 'ऱ्हाइन २' हे १९९९ सालचे छायाचित्र नोव्हेंबर २०११ मध्ये ख्रिस्तीजमध्येच त्रेचाळीस लाख डॉलरना गेले. हिरवा काठ, करडी नदी, करडे आभाळ. त्याच्या सहाच प्रती आहेत. सहाच का? कारण छायाचित्रकाराने तसे ठरवले. आणि त्या काठावर मुळात जे होते, पलीकडचे वीज केंद्र, कुत्रे फिरवायला आलेली माणसे, ते सगळे संगणकावर काढून टाकलेले आहे. आम्ही गुर्स्कींच्या नजरेला नावे ठेवत नाही. पण माणूस पुसला की चित्र शुद्ध होते आणि शुद्ध झाले की महाग होते, या हिशेबाकडे आमचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही.

आता पीटर लिक या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराची गोष्ट. अमेरिकेत त्यांच्या स्वतःच्या गॅलऱ्या आहेत. एकेका चित्राच्या ९९५ प्रती हा त्यांचा नेहमीचा आकडा आणि प्रती संपत जातील तशी किंमत चढत जाते. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्याकडून जाहीर झाले की त्यांचे 'फँटम' हे कृष्णधवल छायाचित्र पासष्ट लाख डॉलरना विकले गेले. लिलाव नव्हता, घेणाऱ्याचे नाव नव्हते. विकणाऱ्याने सांगितले आणि जगाने छापले.

या चित्रात ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत वरून प्रकाशाचा झोत आला आहे आणि त्या झोतात धुळीची मानवी आकृतीसारखी काही तरी सावली आहे. ही घळ नवाहो या मूलनिवासी लोकांच्या भूमीत आहे. तिथे नवाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात तिथल्या खालच्या घळीत अकरा पर्यटक वाहून गेले, तेव्हापासून तर फारच काळजी घेतली जाते. आणि तिथे गेलेल्या कुणालाही विचारा : उन्हाचा झोत कॅमेऱ्यात नीट दिसावा म्हणून हे वाटाडे ओंजळभर वाळू हवेत उधळीत आले आहेत. प्रकाश एरवी डोळ्यांना दिसत नाही, धूळ असली की दिसतो. 'फँटम'मधली धूळ कुणी उडवली हे आम्ही सांगत नाही. पण त्या घळीतल्या असंख्य छायाचित्रांत जे 'गूढ' दिसते त्यात कुठल्या ना कुठल्या वाटाड्याची मूठभर वाळू आहे. नवाहो प्रशासन प्रवेशाचे शुल्क घेते, व्यावसायिक छायाचित्रणाला परवाना लावते, हे खरे. पण शुल्क म्हणजे वाटा नव्हे. आत शिरायचे तिकीट आणि पासष्ट लाखांतला हिस्सा या एकच गोष्टी आहेत असे कुठल्या व्यापाऱ्याला सांगून बघा.

जमीन बोलत नाही म्हणून सोडून देऊ. माणसे बोलली तेव्हा काय झाले?

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लोर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे त्यांना कळू न देता टिपले. २००१ मध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. त्यांतला एक चेहरा एका वृद्ध हसिदी ज्यू गृहस्थांचा होता. त्याच्या दहा प्रती प्रत्येकी वीस ते तीस हजार डॉलरना विकल्या गेल्या. त्या गृहस्थांना हे काही वर्षांनी कळले आणि ते कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की आमच्या धर्मात प्रतिमेला मनाई आहे आणि माझी प्रतिमा माझ्या इच्छेविरुद्ध विकली जात आहे. २००६ मध्ये कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. छायाचित्र ही कला आहे आणि कला हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असा तो निकाल. आम्ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूचे आहोत, या अंकाचे अस्तित्वच त्यावर आहे. पण स्वातंत्र्य एका गोष्टीचे आणि विक्री दुसऱ्या गोष्टीची, हा फरक त्या निकालात कुठे उरला? तो म्हातारा चित्र जाळा म्हणत रस्त्यावर उतरला नव्हता. तो कायद्याच्या दारात उभा होता. दार त्याच्यासाठी उघडले नाही.

त्याआधीची गोष्ट १९३६ ची. कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचे छायाचित्र काढले. खांद्यावर मान टाकलेली दोन मुले, मांडीवर तान्हे, आणि गालाला हात लावून दूर बघणारी ती. अमेरिकेच्या मंदीचा तो चेहरा झाला. लँग सरकारी नोकरीत होत्या, त्यांनाही त्या चित्रावर मानधन मिळत नव्हते, हे नोंदवायला हवे. पण त्यांनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळले १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा उपचारासाठी तिच्या मुलांना लोकांपुढे हात पसरावा लागला. लोकांनी पैसे पाठवले, ती त्याच वर्षी वारली. १९९८ मध्ये त्या छायाचित्राची लँग यांच्या हस्ताक्षरातल्या टिपणांसह असलेली एक प्रत सदबीज या लिलावघरात दोन लाख चव्वेचाळीस हजार डॉलरना गेली.

आणि शरबत गुला. पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत १९८४ मध्ये स्टीव्ह मॅक्करी यांनी काढलेला तिचा फोटो जून १९८५ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. हिरवे डोळे, फाटकी ओढणी. ते डोळे आमच्याही घरांत, वाचनालयांत, चहाच्या हॉटेलांत पोहोचले. नाव मात्र 'अफगाण मुलगी' एवढेच. २००२ मध्ये तिला शोधून काढले तेव्हा कळले की तिने स्वतः तो फोटो कधी पाहिलाच नव्हता. फोटो काढला गेला तेव्हा परक्या पुरुषाचा राग आला होता, एवढे तिला आठवत होते. डिसेंबर २०१२ मध्ये त्या छायाचित्राची मोठी प्रत ख्रिस्तीजमध्ये पावणेदोन लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाकिस्तानात तिला अटक झाली. गुन्हा काय, तर खोटे ओळखपत्र. जगात सर्वांत ओळखीचा म्हणावा असा चेहरा आणि ती कोण हे सिद्ध करायला तिच्याकडे खरा कागद नाही! तिला अफगाणिस्तानात परत धाडले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये, तालिबानची सत्ता आल्यावर, इटलीने तिला आसरा दिला.

इथे न्यायाने सांगायला हवे की सापडल्यानंतर तिला मदत झाली. नियतकालिकाच्या संस्थेने तिच्या कुटुंबाच्या औषधोपचाराचा खर्च केला, तिच्या हजचा खर्च केला, तिच्या निमित्ताने अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभा केला. हे चांगलेच झाले. पण आपल्याकडे खैरात आणि हक्क हे दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक शाळकरी पोरालाही समजतो. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क मागणाऱ्याच्या हातात असतो. जकात घेणाऱ्यालाही आपल्याकडे उपकृत मानत नाहीत, कारण श्रीमंताच्या मालात त्याचा वाटा मुळातच धरलेला आहे. छायाचित्रातल्या माणसाचा वाटा कुणीच, कुठेच धरलेला नाही.

कलावंताचा धरलेला आहे, हेही लक्षात घ्या. चित्र पुन्हा विकले गेले की चित्रकाराला त्यातला काही हिस्सा मिळावा, असा कायदा फ्रान्सने १९२० मध्ये केला. ब्रिटनमध्ये तो २००६ मध्ये आला. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आले. दहा हजार रुपयांवर पुन्हा विकल्या जाणाऱ्या मूळ चित्राच्या, शिल्पाच्या, हस्तलिखिताच्या किमतीत कर्त्याला दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळू शकतो. त्या यादीत छायाचित्राचे नाव नाही, तो भाग वेगळा. मुद्दा असा की एकदा विकलेल्या वस्तूच्या पुढच्या नफ्यात मूळ माणसाचा वाटा असतो, हे तत्त्व जगाने मान्य केलेले आहे. मग हे अव्यवहार्य आहे, हिशेब कसा ठेवणार, ही सबब आम्हांला सांगू नका. कलावंतासाठी हिशेब ठेवता येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक चेहऱ्याची परवानगी आणि मोबदला मागायचा ठरवला तर बातमीतले छायाचित्रच मरेल, जुलूम जगापुढे येणारच नाही. हा आक्षेप आम्ही डोक्यावर घेतो, कारण तो आमच्याच अनुभवातला आहे. मार्च २००२ मध्ये अहमदाबादेत हात जोडून जीव वाचवण्याची विनवणी करणाऱ्या कुतुबुद्दीन अन्सारी या शिंप्याचे छायाचित्र रॉयटर्सच्या अर्को दत्ता यांनी काढले. ते निघाले नसते तर बरेच काही झाकले गेले असते. ते निघायलाच हवे होते. पण त्या चेहऱ्याने त्या माणसाला नोकरीत टिकू दिले नाही, गाव सोडायला लावले, काही काळ आपल्या मालेगावात आणि पुढे कोलकात्यात राहायला लावले. प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी तो चेहरा पुन्हा भिंतीवर लावला. लावणाऱ्यांत त्याचे विरोधकच नव्हते, त्याचे कैवारीही होते. त्याला विचारले कुणी नाही.

म्हणून आमची मागणी बातमीबद्दल नाहीच. बातमीत, इतिहासात, अभ्यासात छायाचित्र मोकळे असावे. पण तेच छायाचित्र जेव्हा सोनेरी चौकटीत जाते, आकडा घालून मर्यादित प्रतींत विकले जाते, हातोड्याखाली येते, तेव्हा ते बातमी राहत नाही, माल होते. मालाला मालाचा नियम लावा. माणूस माहीत असेल तर त्याचे नाव चित्राखाली छायाचित्रकाराच्या नावाइतक्याच अक्षरांत असावे. मोठ्या किमतीच्या प्रत्येक विक्रीत त्याचा, त्याच्या वारसांचा, आणि भूमी असेल तर त्या समाजाचा ठरलेला हिस्सा असावा. आणि जिवंत माणूस 'मला विकू नका' म्हणत असेल तर निदान विक्रीपुरता त्याचा नकार चालावा.

हे होणार नाही असे म्हणणाऱ्यांनी एक खटला पाहावा. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनात रेंटी नावाचा एक गुलाम आणि त्याची मुलगी डेलिया यांना विवस्त्र करून त्यांची छायाचित्रे काढली गेली. काळे लोक हीन आहेत हे 'सिद्ध' करण्यासाठी हार्वर्डच्या एका प्राध्यापकाला ती हवी होती. ती हार्वर्ड विद्यापीठाकडेच राहिली. आपण रेंटीच्या वंशातल्या आहोत असे सांगत टमारा लॅनियर यांनी २०१९ मध्ये दावा लावला. छायाचित्र काढणाऱ्याचे असते, काढून घेणाऱ्याचे नसते, हे जुने उत्तर त्यांनाही मिळाले. पण २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, मालकी नसली तरी झालेल्या मनस्तापाचा दावा चालेल असे म्हटले आणि मे २०२५ मध्ये समेट होऊन विद्यापीठाने ती छायाचित्रे सोडली. ती दक्षिण कॅरोलायनातल्याच, चार्ल्सटनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात जायची ठरली. एकशे पंचाहत्तर वर्षे लागली, पण चौकटीतल्या माणसाचे कुणी आहे, हे मानले गेले.

आता शेवटी आमच्याच घराकडे बघू. बाहेरच्यांना सुनावणे सोपे असते.

रमजानमध्ये आमच्या संस्था शिधा वाटतात. पाच किलो तांदूळ, तेलाची पिशवी, खजुराचे पाकीट. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतले पाच कार्यकर्ते, दुसऱ्या बाजूला बुरख्यातली एक विधवा, दोघांचे हात पिशवीवर आणि सगळ्यांची तोंडे कॅमेऱ्याकडे. फोटो निघेपर्यंत पिशवी सुटत नाही. मग तो फोटो मोठा करून, सोनेरी पट्टीची फ्रेम करून कार्यालयात लागतो, अहवालात छापला जातो आणि पुढच्या वर्षीची देणगी त्याच्यावर येते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये ही आपली शिकवण. इथे ते अख्ख्या तालुक्याला कळते आणि त्या बाईच्या पोराला शाळेतही ऐकावे लागते. तिला विचारले होते का? विचारले असते तर पिशवी हातात यायच्या आधी ती 'नको' म्हणू शकली असती का? लिलावघरातला आकडा मोठा आहे आणि आमचा लहान, एवढाच काय तो फरक.

म्हणून ज्यांच्या ज्यांच्या कार्यालयात अशी तसबीर असेल, त्यांनी या ईदच्या आधी ती खाली उतरवावी. मागचे खिळे काढावेत, फोटो त्या बाईच्या घरी नेऊन द्यावा. ठेवायचा की फाडायचा, ते ती ठरवील. चौकट रिकामी राहिली तर राहू द्या. न्यूयॉर्कच्या लिलावघराला जाब विचारायला निदान तोंड तरी उरेल.